उकडा, हातसडी की पांढराशुभ्र? पॉलिशमध्ये नक्की काय जातं

भातखाचर

नमस्कार मंडळी. भाताचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो भात बंदच करा, साखर वाढते. दुसरा म्हणतो आमचे आजोबा जन्मभर भात खाऊन ठणठणीत होते. आजोबा कुठला तांदूळ खात होते, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, म्हणून हा धागा.

शेतातून घरी येतं ते भात. त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. तूस काढलं की तांबूस-तपकिरी दाणा मिळतो. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि एका टोकाला अंकुर. कोंडा आणि अंकुर मिळून आठ-दहा टक्के वजन भरतं. तेवढं घासून काढणं म्हणजे पॉलिश. दाण्यातलं बहुतेक थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), बराचसा फायबर, मॅग्नेशियम आणि तेल याच आठ-दहा टक्क्यांत असतं. उरतो तो मुख्यतः स्टार्च, म्हणजे पिष्ट.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम कच्च्या तांदळामागे थायमिन असं दिलंय: बिनपॉलिशच्या तांदळात ०.२७ मिलिग्रॅम, उकड्यात ०.१७ आणि पांढऱ्यात ०.०५. फायबर याच क्रमाने सुमारे ४.४, ३.७ आणि २.८ ग्रॅम. मधल्या आकड्याकडे नीट बघा. उकड्यालाही पॉलिश झालेलं असतं, तरी त्यात पांढऱ्याच्या तिप्पट थायमिन उरतं. कारण भात तुसासकट भिजवून उकडताना कोंड्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं दाण्याच्या आत सरकतात आणि तिथेच धरली जातात. नंतर वरचं कितीही घासलं तरी आत गेलेलं राहतं.

याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मद्रास इलाख्यात पूर्वी बेरीबेरीचा, म्हणजे थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचा, त्रास होता. पाय लुळे पडत, सूज येई, हृदय थकून माणूस दगावे. पण तो त्रास सगळीकडे सारखा नव्हता. किनारी आंध्रात, जिथे गिरणीचा कच्चा पांढरा तांदूळ खात, तिथे त्याने ठाण मांडलं होतं. शेजारच्या ज्या भागांत गरिबाच्या ताटात उकडा होता, तिथे बेरीबेरी क्वचितच दिसे. भातच दोघांचं मुख्य अन्न आणि गरिबीही तीच. आजची पोषण संस्थासुद्धा १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी एका खोलीत सुरू झालेल्या केंद्रातून वाढली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी ते सुरू केलं. १९५८ मध्ये ते हैदराबादला गेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: भात सोडू नका. तांदूळ किती पॉलिशचा आहे ते विचारायला लागा. कोकण-गोव्याकडच्यांनी तर उकडा टाकून कोलमसारख्या पांढऱ्या तांदळाकडे वळण्याआधी पुन्हा विचार करावा. आपापल्या घरचं सांगा.

डिचोलीची माय

आमच्याकडे अजून उकडाच. सासूबाई होत्या तोवर भात घरीच उकडायचा, ते काम मी त्यांच्या हाताखाली शिकले.

भात रात्रभर पाण्यात. सकाळी तरंगलेली पोल (रिकामे दाणे) काढून टाकायची आणि मोठ्या भांड्यात चुलीवर चढवायचं. तुसाचं तोंड जरा फुटलेलं दिसलं की उतरवायचं, त्यापुढे एक क्षण ठेवायचं नाही. खरी परीक्षा वाळवण्याची. एकदम कडक उन्हात टाकलं तर दाणा आतून तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. म्हणून आधी थोडं ऊन, मग ढीग करून सावली, मग परत ऊन. झालं की नाही ते सासूबाई दाताखाली दाणा धरून बघत. कट्ट करून तुटला तर झालं, नुसता दबला तर आणखी एक ऊन.

आणि पेज! तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. भात शिजवून पाणी गाळून फेकणाऱ्या घरात जी जीवनसत्त्वं मोरीत जातात, ती पेजेत पोटात जातात. सकाळी दहाच्या सुमारास वाडगाभर पेज, वर मीठ, बाजूला तोराचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा. शेतात राबणारं माणूस दुपारपर्यंत दुसरं काही मागत नाही.

कोथरूडची नलू

भातखाचर, धागा फार वेळेवर काढलात. सासूबाईंना मधुमेह निघाला आहे. डॉक्टर म्हणाले भात कमी करा. त्या जन्मभर इंद्रायणी खाणाऱ्या, त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. मी ब्राऊन राइस आणला तर कुकरच्या नेहमीच्या शिट्ट्यांत कच्चाच राहिला, आणि मुलांनी ताट सरकवलं. दोन वेगळे भात रोज लावणं नोकरी सांभाळून जमत नाही. काय करावं?

आणि खरंच फरक पडतो का? की नुसतं महाग घेऊन समाधान?

आहारवाली

नलूताई, मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फरक पडतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने वजन जास्त असलेल्या लोकांना काही दिवस पांढरा आणि काही दिवस बिनपॉलिशचा तांदूळ देऊन चोवीस तासांची साखर मोजली. बिनपॉलिशच्या दिवसांत जेवणानंतरची वाढ जवळजवळ २० टक्क्यांनी कमी होती. अभ्यास मोजक्याच लोकांवरचा आहे, पण आपल्याच जेवणावरचा आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. दुसरा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात २१ देशांतली सुमारे १ लाख ३२ हजार माणसं होती. दिवसाला ४५० ग्रॅम किंवा जास्त शिजवलेला पांढरा भात खाणाऱ्यांची तुलना १५० ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांशी केली होती. दक्षिण आशियात मधुमेहाचा धोका जास्त भात खाणाऱ्यांत ६१ टक्क्यांनी अधिक आढळला. अशा अभ्यासातून भातामुळेच मधुमेह झाला असं सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखा हा आकडा नाही.

४५० ग्रॅम ऐकायला खूप वाटतं, पण दोन वेळचा वाढून घेतलेला भात सहज तेवढा होतो. म्हणून सासूबाईंसाठी पहिलं काम तांदूळ बदलण्याचं नाही, मोजण्याचं आहे. एक वाटी भात, त्यावर नेहमीच्या दुप्पट घट्ट वरण, बाजूला पालेभाजी आणि कोशिंबीर. ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी असेल, तर तो डोंगर हातसडीचा असला तरी साखर चढणारच. "शुगर फ्री" लिहिलेल्या तांदळाच्या पिशव्यांवर कृपया विश्वास ठेवू नका. तांदूळ आहे तिथे पिष्ट आहे, आणि पिष्टाची साखर होते.

एक गोष्ट आवर्जून सांगते. सासूबाईंच्या किडनीच्या तपासण्या बघून घ्या. किडनी अशक्त असेल तर कोंड्यातला फॉस्फरस आणि पोटॅशियम मर्यादेत ठेवावं लागतं, आणि अशा रुग्णाला डॉक्टर पांढरा भातच सांगू शकतात. सगळ्यांना एकच नियम लावू नये.

तटस्थ

मला हे पटत नाही. जपानी लोक पांढराशुभ्र भात खातात आणि जगात सर्वाधिक जगणाऱ्यांत त्यांची गणना होते. मग पांढरा तांदूळ विष कसा?

भातखाचर

तटस्थ, विष कुणीच म्हटलेलं नाही, आणि प्रश्न रास्त आहे. आजच्या जपानी ताटात भात लहान वाडग्यात येतो, सोबत मासे, सोयाबीनचे पदार्थ, समुद्री शेवाळ, भाज्या. भातातून गेलेलं बाकीच्या पदार्थांतून भरून निघतं. सोबत काही नसताना काय होतं, तेही जपानच्याच इतिहासात आहे.

१८८२ साली त्यांची 'र्‍युजो' ही प्रशिक्षण नौका लांबच्या सफरीवर निघाली. ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी हट्ट धरून १८८४ मध्ये 'त्सुकुबा' ही दुसरी नौका त्याच मार्गाने पाठवली. शिधा तेवढा बदलला. पांढऱ्या तांदळाचं प्रमाण कमी केलं, मांस, दूध, धान्यं वाढवली. मोजक्याच जणांना त्रास झाला, मृत्यू एकही नाही. ताकाकींना वाटलं कमतरता प्रथिनांची आहे. ते कारण चुकीचं होतं, उपाय बरोबर होता. लष्कराने मात्र ऐकलं नाही, आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात हजारो जपानी सैनिक बेरीबेरीने गेले.

खरं कारण जावा बेटावर सापडलं. ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लंगडू लागल्या, मान टाकू लागल्या. मग एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी केली तर मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला आणि त्या परत साध्या बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या. पुढे जावातल्या शंभरएक तुरुंगांची पाहणी झाली. पांढऱ्या तांदळाच्या तुरुंगांत बेरीबेरी, हातसडीच्या तुरुंगांत जवळपास नाही. आइकमन यांना आधी वाटलं पांढऱ्या तांदळात काही विषारी असावं. १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी सांगितलं की विष नाहीच, कोंड्यातलं काहीतरी शरीराला लागतं आणि ते मिळत नाहीये. १९२९ चं नोबेल आइकमन यांना हॉपकिन्स यांच्यासोबत मिळालं. ग्रिन्स यांचं नाव आज कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माणदेशी

आमच्या दुष्काळी पट्ट्यात भात सणावाराला. रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची, आणि तिच्यात हा घोळच नाही. दाणा अख्खाच दळायचा. चाळायची गरज नाही.

गव्हाचं मात्र आमच्याकडेही बिघडलंय. गिरणीतून पीठ छान अख्ख्या गव्हाचं येतं आणि घरी बारीक चाळणीने चाळून कोंडा गायीला जातो. पोळी मऊ पाहिजे ना! अहो, पीठ भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, कोंड्यासकट मऊ होते. बाजारातला ब्राऊन ब्रेड घेणाऱ्यांनी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत. पहिलं नाव मैद्याचं असेल तर रंग नुसता कॅरॅमलचा असू शकतो.

बाजरीचं पीठ मात्र महिनाभराचं दळून ठेवू नका. बाजरीत तेल जास्त, त्यामुळे आठ-दहा दिवसांत पीठ कडवट लागायला लागतं. थोडं थोडं दळा.

गिरणवाला

माणदेशी यांनी कडवटपणाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमची भाताची गिरण, वडिलांपासून. गिरणीवाले कोंडा चोरतात असं पुष्कळांना वाटतं, तर खरं काय ते सांगतो.

जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकाच फटक्यात निघायचा, दोन्ही मिसळून जायचे आणि कणी फार व्हायची. आताच्या रबर शेलरमध्ये फक्त तूस निघतं. त्यापुढे पॉलिशर वेगळा, तो किती चालवायचा ते आमच्या हातात असतं. म्हणजे "तूस काढा, पॉलिश करू नका" किंवा "एकच हात मारा" असं सांगितलंत तर देता येतं. पण सांगतं कोण? दहा गिऱ्हाइकांतली नऊ जण तांदूळ ओंजळीत घेऊन उजेडात धरतात आणि म्हणतात, अजून पांढरा करा.

दुसरी बाजू अशी की बिनपॉलिशचा तांदूळ टिकत नाही. कोंड्याचा थर दुखावला की त्यातलं तेल हवेत खवट व्हायला लागतं. पोरकिडेही तोच आधी शोधतात. पांढरा वर्षभर राहतो, जुना झाला की मोकळा शिजतो, भाव जास्त मिळतो. म्हणून व्यापारी पांढराच धरतो. ज्यांना बिनपॉलिशचा हवा त्यांनी वर्षाचं भात तुसासकट साठवावं आणि महिन्या-दोन महिन्यांचं भरडून न्यावं. तुसात दाणा सुरक्षित राहतो. पूर्वी घिरटीवर (भात भरडायच्या जात्यावर) भरडून उखळात सडायचे ते असंच, लागेल तेवढं.

आणि कोंडा कुठे जातो? तेलाच्या कारखान्यात आणि पशुखाद्यात. आपण जे दाण्यावरून काढून टाकतो, तेच राइस ब्रॅन तेलाच्या बाटलीतून परत विकत आणतो.

डिचोलीची माय

गिरणवालादादा, शंभर टक्के. भात तुसात ठेवायचं ही आमच्या घरची पहिली शिस्त.

रेशनकार्ड

थोडं वेगळं विचारतो. आम्ही रेशनचा तांदूळ खातो, निवडायला वाव नाही. गेल्या काही वर्षांत त्यात वेगळेच दाणे दिसतात, जरा पिवळसर, पाण्यावर तरंगणारे. वस्तीत सगळे म्हणतात प्लास्टिकचे आहेत, बायका वेचून टाकतात. कुणी खात्रीचं सांगेल का?

आहारवाली

रेशनकार्ड, कृपया वस्तीत सांगा की ते दाणे टाकू नका. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि ब-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात, आणि साधारण शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. पीठ दाबून केलेला दाणा असल्यामुळे तो कधी तरंगतो, रंगही थोडा निराळा दिसतो. तांदूळ वेचताना नेमका पोषणाचा दाणा बाहेर जातो, हे बघून माझा जीव तुटतो. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण घरात असेल तर त्याच्या लोहाबद्दल डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी निर्धास्त खावा.

तरीही हे कोंड्याची जागा घेत नाही. ज्या तीन गोष्टी घातल्या त्या मिळतात. फायबर, मॅग्नेशियम मिळत नाही. रेशनच्याच तांदळात मूठभर मसूर किंवा चवळी घालून खिचडी केलीत, भाकरीला नाचणी जोडलीत, तर ताट बरंच भरतं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि तिची साल इतकी चिकटलेली असते की ती सहसा सालीसकटच दळली जाते.

आणि धुताना तांदूळ सात पाण्यांतून काढू नका, भाताचं पाणी फेकू नका.

एडिसनकर

इथे अमेरिकेत पांढऱ्या तांदळाच्या पिशवीवर चक्क लिहिलेलं असतं की धुऊ नका, कारण वरून जीवनसत्त्वांचा थर दिलेला असतो. उकडा हवा असेल तर भारतीय दुकानात केरळचा लाल मट्टा मिळतो. तो उकडलेलाच असतो आणि पेज अगदी गावच्यासारखी होते. परदेशात असलेल्या कोकणवाल्यांनी जरूर बघा.

एक शंका: बिनपॉलिशच्या तांदळात आर्सेनिक जास्त असतं असं इथे फार बोलतात. मुलीला सहाव्या महिन्यापासून ब्राऊन राइसची पेज देत होतो, आता भीती वाटते.

आहारवाली

एडिसनकर, ती गोष्ट खरी आहे. आर्सेनिक जमिनीतून आणि पाण्यातून येतं आणि कोंड्यात जास्त साठतं. बंगालसारख्या भूजलात आर्सेनिक असलेल्या भागात हा मोठा प्रश्न आहे. उपाय म्हणजे बाळाला फक्त तांदळावर ठेवू नका. नाचणी सत्त्व, मुगाची डाळ, ओट्स, ज्वारीची पेज आलटून पालटून द्या. तसंही लहान बाळाचं पोट इवलंसं असतं. नुसत्या कोंडेदार अन्नाने ते लवकर भरतं आणि ताकद कमी मिळते, म्हणून तूप, डाळ हवीच. बाळाला थोडा पांढरा भात दिलात तर काही बिघडत नाही.

सुगरण_सांगली

मैद्याची जागा कणकेने आणि साखरेची गुळाने घेतली की बिस्किटं पौष्टिक झाली, असं ग्रुपवर रोज येतं. गूळ चालतो ना मग मधुमेहाला?

भातखाचर

नाही हो. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात, पण त्याचा फार मोठा भाग साखरच आहे, आणि रक्तातली साखर तो साखरेसारखीच चढवतो. कोंड्यासकट दाणा आणि गूळ या दोन गोष्टी एका पारड्यात घालू नयेत. दाण्यात फायबर पचन सावकाश करतं, गुळात थांबवणारं काहीच नाही. चवीसाठी थोडा खा, औषध म्हणून खाऊ नका.

कोथरूडची नलू

सगळ्यांचे आभार. आता मला स्वयंपाकघरातलं नेमकं सांगा. कुठून सुरुवात करू?

डिचोलीची माय

नलू, एकदम ब्राऊन राइसवर जाऊ नकोस, घर बंड करतं. उकडा आण, पण बारीक दाण्याचा. सकाळी उठल्या उठल्या भिजत घाल, दोन-तीन तास पुरतात. बिनपॉलिशचा असेल तर रात्रीच भिजव. इंद्रायणीला घालतेस त्याच्या दीडपट पाणी, आधी मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर दहा-बारा मिनिटं, आणि कुकर आपोआप उतरू दे. दाणा फुटून टम्म झाला पाहिजे, चिकट नाही.

मुलांना उकड्याचा वास आधी आवडणार नाही. त्यांना आंबोळ्या करून घाल. उकडा, उडीद, थोडी मेथी, रात्रभर आंबवून. आंबवलं की कोंड्यातलं लोहसुद्धा अंगी लागायला सोपं जातं. सासूबाईंना वरणाबरोबर त्यांच्या वाटीत एकच वाटी, आणि ती त्यांच्यासमोर मोजून, चोरून कमी करून नाही. म्हाताऱ्या माणसाला कळतं आणि मग ती रुसतात.

गिरणवाला

आणि ताई, पुण्यात उकडा जुना मिळण्याचा संभव जास्त. घेताना मूठभर तोंडाजवळ धरा. खवट वास आला तर परत करा, दुकानदार कितीही म्हणाला की उकड्याला वास असतोच. उकड्याचा वास उकडलेल्या भाताचा असतो, शिळ्या तेलाचा नसतो. नवीन भात दिवाळीनंतर गिरणीवर येतं, तेव्हा कोकणात कुणी ओळखीचं असेल तर दहा किलो थेट मागवा आणि सांगा, एकच हात मारा.